पहिलं बाळंतपण माहेरी

झोन ऑफिसात सर्व्हर सकाळपासून झोपलेला,
कूलरच्या ताट्या कोरड्या, पाणी टाकायला आज कोणी आलं नाही.
खिडकीत एक तरुण,
हातात धंतोलीच्या नर्सिंग होमचा कागद, घामानं नरम झालेला.

अनिकेत रामटेके. जन्म डेटन, ओहायो.
मराठी इंदोऱ्याची, आजीकडून फोनवर शिकलेली.
म्हणाला, "ताई, दाखला आजच पाहिजे जी.
मुंबईच्या वकिलातीत दाखवायचं आहे, पोरगी आमची म्हणून."

"तुमची नाही तर कोणाची?"
"म्हणजे, अमेरिकेची."

मी चष्मा पुसला.
सात दिवसांची पोरगी तिकडे जरीपटक्यात आजीच्या मांडीवर
धुरी घेत पडली असेल,
आणि हा बापडा स्वतःचाच पुरावा गोळा करून राहिला :
सहावी ते बारावीची प्रगतिपुस्तकं,
अक्कलदाढ काढल्याची पावती,
बास्केटबॉलच्या संघाचा फोटो, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा.
आधी यानं सिद्ध करायचं, की तो तिथं पुरेसा राहिला.
मग ती जन्मतःच तिथली.

हसला. "साळा चिडवते मला.
म्हणते, तुझी उत्पला काही राष्ट्राध्यक्ष नाही होत,
त्याच्यासाठी तिथंच जन्मावं लागते."
"लागते का?"
"त्यांच्या घटनेत एक शब्द आहे, जन्मसिद्ध.
बहुतेक वकील म्हणतात, आईबापाकडून आलेलं चालते.
काही म्हणतात, मातीच पाहिजे.
कोर्टानं शेवटचं काही सांगितलं नाही अजून."
बाकीच्या अटी सरळ : वय पस्तीस,
आणि चौदा वर्षांचा रहिवास.

चौदा.
चौदा वर्षं बाहेर काढली की गादी मिळते, हे ऐकून होते.
चौदा वर्षं आत काढून, हे पहिल्यांदाच.
आमच्या सेतू केंद्रात तर पंधरा मागतात.

मला मागितली होती.
बाप काटोलचा, माय सौंसरची,
पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिकडे जन्मले.
एसटीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल, एवढंच लांब,
पण मधे राज्याची पाटी.
बाबू म्हणाला, "मडावी, तुम्ही तर मध्यप्रदेशच्या."
म्हटलं, साहेब, माझा आजा जन्मला तेव्हा
सौंसर, काटोल, नागपूर एकाच सरकारला पट्टी भरत होते.
म्हणाला, "आजाचा दाखला आणा."

आजाच्या जन्माची नोंद एवढीच,
की त्या साली मोह फुलला नव्हता.

दोन वर्षं गेली.
हे रामटेकेला सांगितलं नाही. मागे रांग होती,
आणि एक म्हातारा मृत्यूच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आला होता.

पण ज्या म्हाताऱ्यांनी ठरवलं
की पोरीनं आईकडे जावं, मेथीचे लाडू खावे,
सव्वा महिना थंड पाण्यात हात घालू नये,
त्यांना फिलाडेल्फियात कोणी बोलावलं नव्हतं.
नाहीतर एक ओळ वाढली असती :
आईच्या माहेरी झालेलं लेकरू परदेशात झालं असं धरू नये.

झिरो माइलचा खांब इथून जवळच.
कुठं किती लांब, सगळं कोरून ठेवलं आहे त्याच्यावर.
ओहायो नाही.

सर्व्हर उठेना. शेवटी रजिस्टर काढलं.
नाव त्यानं एकेक अक्षर करून सांगितलं, दोनदा.
जन्मस्थळाचा रकाना बोटभर,
त्यात नागपूर मावते.

मग हिशेब केला. पस्तीस वर्षांनी मी नसेन या खुर्चीवर,
बहुधा कुठल्याच खुर्चीवर नसेन.
रेकॉर्ड रूमला वाळवी आहे, तीन अर्ज केले मी त्याबद्दल.
कोणी सुटाबुटातलं आलंच तिकडून हे पान पाहायला,
तर वाचता यावं,
म्हणून बॉलपेन दाबून पुन्हा गिरवलं.

प्रतीचे पैसे घेतले. सुटे नव्हते, त्यानं राहू द्या म्हटलं, मी नाही राहू दिले.
तो गेल्यावर टेबलाच्या खणातली डांबरगोळी
कागदात गुंडाळून त्या पानापाशी ठेवली.

एरवी नाही ठेवत मी.